शून्याच्या खालची रेघ

विहिरीतलं पाणी रोज थोडं थोडं खाली जात होतं आणि पंपवाल्याची परीक्षा रोज थोडी थोडी जवळ येत होती. दोन्हींचं त्या माणसाला भय होतं. त्यातल्या त्यात पाण्याचं भय कमी. पाणी ओळखीचं होतं, उन्हाळ्यात रुसायचं आणि पावसाळ्यात परत यायचं. खरं भय होतं ते गणिताचं. गणिताची अन् त्याची शाळेत असल्यापासून बोलचाल नव्हती.

आता पन्नाशी उलटलेल्या माणसाला कसली आलीय परीक्षा? पण वरून हुकूम आला होता. पंपावर यापुढे दहावी पास माणूसच ठेवायचा. जुन्या माणसांना सवलत एवढीच, की पास होऊन दाखवा आणि राहा. पंपवाल्याचे बाकीचे विषय कसेबसे निघाले होते. भाषेत तर इतके बरे मार्क पडले होते की बायकोने ते शेजारीपाजारी सांगितले. राहिलं होतं गणित. एकदा बसला, आपटला. आता ही दुसरी आणि शेवटची खेप. पंप गेला म्हणजे पंपामागची खोली गेली, आणि खोली गेली म्हणजे तो, बायको आणि सून यांनी चंबूगबाळं उचलून कुठे जायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा लांब एका बांधकामावर होता. तिथे तो स्वतःच पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा.

शिकवायची सून. ती दहावी झाली होती, पुढेही दोन वर्षं शिकली होती, आणि गणित तिला म्हणे आवडायचं. पंपवाल्याला हे ऐकून आधी खोटंच वाटलं होतं.

दुपारी मोटर गार व्हायला बंद ठेवायची. तेव्हा खोलीच्या सावलीला तेलाचा रिकामा पिंप पालथा घालून दोघं बसायची. पंपवाल्याच्या बोटांना ग्रीस. कितीही घासलं तरी निघायचं नाही, अन् पेन्सिल धरली की कागदावर काळे ठसे उमटायचे. सून ठशांच्या बाजूची कोरी जागा शोधून तिथे आकडे मांडायची. त्याचंही त्याला लाजल्यासारखं व्हायचं.

"बघा मामंजी," ती म्हणायची, "बागेची लांबी रुंदीपेक्षा दोनने जास्त. क्षेत्रफळ अठ्ठेचाळीस. तर रुंदी किती?"

"टेप टाकून मोजायची की."

"टेप नाही आपल्याकडे."

"मग बाग कशाला लावली?"

बायको आतून हसायची. सूनही हसू दाबायची आणि लिहायची: एक्सचा वर्ग, अधिक दोन एक्स, उणे अठ्ठेचाळीस, बरोबर शून्य. मग सांगायची, असे दोन आकडे शोधा की गुणाकार उणे अठ्ठेचाळीस येईल आणि बेरीज दोन. पाढे पंपवाल्याला पाठ होते. एवढी एकच पुंजी शाळेतून शिल्लक होती. तो म्हणायचा, "आठ आणि सहा." त्यातला सहा उणे, हे मात्र सूनच सांगायची.

कंसांचं त्याला पटकन कळलं. दोन कंसांचा गुणाकार शून्य, म्हणजे दोघांतला एक तरी शून्य. "नळाला पाणी येत नाही," तो म्हणाला, "म्हणजे एकतर मोटर बंद, नाहीतर व्हॉल्व्ह बंद. असंच ना?"

"अगदी असंच!" सून इतकी खूश झाली की त्याला वाटलं, आता आपण पास.

बागेचं उत्तर आलं सहा किंवा उणे आठ. "उणे आठ रुंदीची बाग कुणी पाहिलीय का?" असं म्हणून त्याने उणे आठावर ठसठशीत काट मारली. सून म्हणाली, बरोबर. तेव्हापासून पंपवाल्याला नाद लागला. उणं दिसलं रे दिसलं की काट मारायची. त्या सगळ्या किचकट प्रकारात तेवढी एकच गोष्ट त्याला मनापासून पटली होती.

नळावर मात्र त्याने वेगळंच सांगून ठेवलं होतं. खोलीसमोरच नळाचा कट्टा होता, सकाळी तिथे बायकांची ही रांग. रांगेत शिवणवाल्या काकू असल्या की कुणाचं काही झाकून राहायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "काय हो पंपवाले, गणित शिकवतं कोण तुम्हाला?"

"आहेत एक मास्तर," पंपवाला म्हणाला. "बाजाराच्या बाजूला राहतात. चांगले आहेत."

सून तेव्हा हंडा घेऊन रांगेतच उभी होती. पंपवाल्याची नजर तिच्यावर गेली आणि तो व्हॉल्व्ह उगाचच खालीवर करत बसला. तिने हंडा पुढे सरकवला. दुपारी नेहमीसारखी पिंपापाशी येऊन बसली. मास्तरांची चौकशी तिने केली नाही, आणि म्हणूनच ते पंपवाल्याला जास्त लागलं.

मग एका दुपारी ठिणगी पडली. सुनेने बागबीग काही नसलेलं, नुसतंच समीकरण दिलं. एक्सचा वर्ग, अधिक तीन एक्स, उणे दहा. पंपवाल्याने जिभेचं टोक बाहेर काढून सोडवलं. दोन, उणे पाच. आणि सवयीने उणे पाचवर काट.

"नाही मामंजी, इथे दोन्ही ठेवायची."

"का? परवा काट मारली तर बरोबर म्हणालीस."

"परवा बाग होती. इथे नुसतं समीकरण आहे. दोन्ही मुळं खरी."

"उणं खरं कसं असेल? वस्तू असते, नाहीतर नसते. नसण्याच्या पलीकडे काय असतं? दाखव मला एक तरी उणी वस्तू."

सुनेला हसू फुटलं. वाईट मनाने नव्हे. त्याने पेन्सिल परजून प्रश्नच असा विचारला होता. पण उकाडा होता, सकाळपासून मोटर तीनदा अडली होती, परीक्षा तोंडावर होती, आणि ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं.

"हस, हस! दोन बुकं शिकलीस म्हणून सासऱ्याला हस. माझंच नशीब फुटकं, म्हणून या वयात सुनेपुढे पाटी घेऊन बसावं लागतंय."

पेन्सिल त्याने भिरकावली. ती घरंगळत मोटरखाली गेली. सून उठली, चहाचे कप उचलले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंप पालथा होता, पण त्याच्यापाशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चहा वेळेवर यायचा, ताट वेळेवर यायचं, "मामंजी, वाढू का?" असं विचारलंही जायचं. गणित तेवढं बंद. पंपवाला एकटाच पुस्तक उघडून बसायचा आणि आकडे डोक्यावरून जायचे. 'मला शिकव' असं म्हणायला जीभ उचलायची नाही.

"तुमचं हे नेहमीचंच," बायको म्हणाली. "हातातलं टाकायचं आणि मग अंधारात चाचपडत बसायचं. ती पोर नुसती हसली, तुम्ही तिचं शिक्षण काढलंत."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तेच तिला जाऊन सांगा."

तो गेला नाही. 

आता विहिरीचं सांगायला हवं. विहिरीच्या आतल्या भिंतीवर पंपवाल्यानेच पूर्वी पांढरा पट्टा ओढून त्यावर लाल रेघा मारल्या होत्या. सगळ्यात खालच्या रेघेला शून्य, वर मीटरमीटरला एक, दोन, तीन असं काठापर्यंत. जिथे पाइपाचं तोंड होतं तिथे शून्य. त्याच्या खालचं पाणी ओढता यायचं नाही, म्हणून ते धरायचंच नाही. रोज सकाळी वाकून पाहायचं आणि नळाजवळच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचा, की लोकांना कळावं विहिरीत किती आहे.

पण यंदा पाणी शून्यालाही सोडून खाली गेलं, तेव्हा फिटरने येऊन पाइप खालपर्यंत लांबवला. मोटर पुन्हा पाणी ओढू लागली. पट्ट्यावर मात्र खाली रेघच नव्हती. मग पंपवाला काय करणार? रोज फळ्यावर लिहायचा, शून्य. आजही शून्य, उद्याही शून्य, आणि नळाला पाणी चालूच.

आणि नेमके त्याच आठवड्यात पाणी खात्याचे साहेब आले. सकाळची वेळ, रांग भरलेली. साहेबांनी आधी फळा वाचला, मग नळाकडे पाहिलं.

"शून्य पाणी आणि मोटर चालू? कोरडी चालवता की काय? जळाली तर?"

"नाही साहेब, पाणी आहे."

"मग शून्य का लिहिलंय?"

"शून्याच्या खाली आहे, साहेब."

"किती खाली?"

पंपवाल्याने विहिरीकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं, पण सांगायला आकडाच नव्हता.

"परवा किती होतं? आज किती उतरलं? अजून किती दिवस पुरेल? मी टँकर कधी मागवू?" साहेब आवाज चढवत नव्हते, त्यामुळे ते जास्तच टोचत होतं. "या लोकांना तुम्ही रोज शून्य दाखवताय. एक दिवस खरंच नळ कोरडा पडेल, तेव्हाही शून्यच लिहाल. म्हणूनच वरचे म्हणतात, शिकलेली माणसं ठेवा."

रांगेत कुणी तरी खाकरलं.  साहेब निघून गेले तरी पंपवाला फळ्यासमोर तसाच उभा होता, हातात खडू धरून. साहेब खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आणि मग, तिथेच उभ्या उभ्या, उणे पाच आठवलं. त्याच्यावर आपण मारलेली काट आठवली. त्याचे कान तापले.

दुपारी तो खोलीच्या दाराशी आला. सून धान्य निवडत होती.

"सूनबाई, तो लाल रंगाचा डबा कुठे गं?"

"माळ्यावर. कशाला हवाय?"

"शून्याच्या खाली रेघा मारायच्यात." तो चौकटीकडे बघत म्हणाला. "आकडे काय लिहायचे ते तू सांग. मला नाही कळत."

 तिने सूप बाजूला सारलं आणि उठली.

विहिरीत उतरायला लोखंडी कड्या होत्या. पंपवाल्याने कमरेला दोर बांधला, तो वर खांबाला एक वेढा देऊन सासू-सुनेने धरला. गळ्यात रंगाचा डबा, कानावर ब्रश. खाली खाली जाताना उन्हाचा तुकडा लहान होत गेला, शेवाळाचा वास आला, हात घसरू लागले. शून्याची रेघ नाकासमोर आली. इतकी वर्षं ती त्याने वरूनच पाहिली होती.

"हिच्या खालची!" तो ओरडला. "काय लिहू?"

"उणे एक!" वरून आवाज आला आणि विहिरीत घुमला.

त्याने वरच्या रेघांच्या मापाची दोरी लावली, रेघ मारली, लिहिलं. अजून उतरला. उणे दोन. अजून उतरला. उणे तीन. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. चौथी रेघ मारण्यासाठी एक कडी खाली सरकला आणि पाय गारेगार पाण्यात बुडाला. त्याने दचकून खाली पाहिलं. पाणी होतं. काळंशार, हलणारं, चांगलं घोट्याएवढं त्याच्या पायाला लागणारं. आणि नेमकं चौथी रेघ यायची तिथेच.

"सूनबाई!" तो पुन्हा ओरडला. "इथे पाणी आहे गं! उणे चारवर आहे! मी त्यात उभा आहे!"

"खरंच आहे ना, मामंजी?"

"खरंच आहे!"

"मग आता काट माराल का त्याच्यावर?"

तो हसायला लागला. दोर हलला तशी वरून बायको किंचाळली, "अहो, हसताय काय? हात सुटेल! आधी वर या, मग काय ते हसा!"

वर आल्यावर तो काठाशी पाय पसरून बसला. श्वास ठिकाणावर आल्यावर म्हणाला, "सूनबाई, त्या दिवशीचं मनावर घेऊ नकोस. मी चुकलो."

"मोटरखालची पेन्सिल काढून द्या," ती म्हणाली, "मग नाही घेत." पण डोळे तिचे भरले होते, आणि ते पंपवाल्याला दिसले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर उणे चार आलं. रांगेत गलका झाला. "हे काय नवीन खूळ?" म्हणून शिवणवाल्या काकूंनी त्याला पिडलं. पण दोन-चार दिवसांत बायकाच एकमेकींना सांगू लागल्या, आज उणे साडेचार, जरा जपून भरा. साहेबांना फोनवर आकडा कळवला, तेव्हा ते नुसतं "ठीक" म्हणाले आणि टँकरचं बोलले.

इकडे गणितात भलतंच होऊन बसलं. पंपवाला आता उणं सोडेचना. जिथे तिथे ठेवायचा. बागेची रुंदीसुद्धा सहा आणि उणे आठ, दोन्ही!

सुनेने कपाळाला हात लावला. "अहो मामंजी, उणे रुंदीची बाग कुणी पाहिलीय का? तुम्हीच म्हणाला होता ना?"

"पण तूच म्हणालीस खरं असतं म्हणून!"

"असं करा. आधी विचारा, शून्याच्या खाली जागा आहे का? विहिरीत आहे. नुसत्या समीकरणात आहे. बागेची रुंदी शून्य झाली म्हणजे बागच संपली. तिथे खाली काही उरत नाही."

तो मान डोलवायचा. कळतंय असं वाटायचं, आणि पुढच्याच उदाहरणात पाचावर धारण बसायची. ठेवू की खोडू, खोडू की ठेवू. परीक्षेच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, झोपेतसुद्धा तो हेच बडबडत होता.

परीक्षेला तो धुतलेला सदरा घालून गेला. शाळेच्या दारात पर्यवेक्षक बाईंनी अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं." त्याने प्रवेशपत्र पुढे केलं. बाई ओशाळल्या, तो त्याहून जास्त. बाक इतका लहान की गुडघे वर आपटत होते. शेजारच्या मुलीने त्याच्या बोटांतल्या ग्रीसकडे पाहिलं आणि आपलं पॅड जरा लांब सरकवलं.

पेपर हातात आल्यावर काही वेळ त्याला अक्षरंच दिसेनात. मग दिसू लागली. एक्सचा वर्ग, अधिक एक्स, उणे बारा. त्याने फोड केली, कंस पाडले. तीन, उणे चार. हात काट मारायला उचललाच होता, तेवढ्यात पायाला गार लागल्यासारखं झालं. उणे चारवर तो स्वतः उभा राहिला होता. कुणाची हिंमत होती ते खोडायची? दोन्ही उत्तरं लिहून त्याने खाली रेघ ओढली.

पण शेवटी अंगणाचं उदाहरण आलं. लांबी रुंदीपेक्षा तीनने जास्त, क्षेत्रफळ चाळीस. पाच आणि उणे आठ, दोन्ही लिहून झाली, आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, पेपर द्या.  खाली जागा आहे का? अंगणाच्या खाली? बाई रांगेत पुढे आल्या, समोरच्या मुलीचा पेपर ओढला. त्याने एका आकड्यावर काट मारली आणि पेपर हातातून गेला.

घरी सून दारातच होती. "काय झालं?"

"तीन, उणे चार. दोन्ही ठेवली."

"वा! आणि शेवटचं?"

"अंगणाचं. एक खोडलं."

"कुठलं?"

पंपवाला पायरीवर बसला. आठवून आठवून थकला. काट डोळ्यांसमोर दिसत होती, तिच्याखालचा आकडा काही केल्या दिसत नव्हता. "तेच तर आठवत नाही गं," तो म्हणाला. "पाच खोडलं असेल तर?"

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्यालाच ठाऊक. पाणी उतरत उणे सहावर आलं. टँकर येऊ लागला. साहेबांचा फोन वाजला की तो आधी बायकोकडे बघायचा. नवा माणूस पंप बघून गेला असं कुणी तरी म्हणालं, ते खरं होतं की खोटं कुणास ठाऊक, पण बायकोने त्या दिवसापासून माळ्यावरची भांडी एका पोत्यात भरून ठेवली. ती बघितली की पंपवाला ताटावरून उठायचा. सून मात्र फळ्यापाशी येऊन आकडा तपासून जायची आणि म्हणायची, "मामंजी, पाचला नाही तुम्ही हात लावणार. मला माहीत आहे."

निकाल लागला तो सकाळीच, भर रांगेत. सून हंडा घेऊन उभी होती, तिच्या मागे शिवणवाल्या काकू. पंपवाला फळ्यावर उणे सहा लिहीत होता. सुनेने फोन काढला, पाहिला, पुन्हा पाहिला. तिचा चेहरा काही सांगेना. पंपवाल्याच्या हातातला खडू तुटला.

"मामंजी," ती म्हणाली, "निघालं."

"काय निघालं?"

"गणित! काठावर. पण निघालं."

त्याने भिंतीला हात टेकला. "आणि ते... कुठलं खोडलं होतं ते?"

"ते नाही सांगत हो यात. नुसते मार्क असतात."

आतून बायको धावत आली, भाताचा हात तसाच. तिने विचारलं नाही, दोघांचे चेहरे पाहिले आणि उंबऱ्यातच मटकन बसली. रांगेत एकच कालवा झाला. शिवणवाल्या काकूंनी कळशी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

"अहो पंपवाले, त्या मास्तरांना कळवा आधी! बाजाराकडचे ना? नाव काय त्यांचं? माझ्या भाच्याचं गणित कच्चं आहे, त्यालाही धाडते त्यांच्याकडे."

पंपवाल्याने खडूचा हात सदऱ्याला पुसला. सून खाली मान घालून हंड्याची कड पुसत होती, जसं काही तिने ऐकलंच नव्हतं.

"बाजाराकडे कुणी मास्तर नाहीत," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं. लाज वाटत होती मला. या काय, तुमच्या पुढे हंडा घेऊन उभ्या आहेत. भाच्याला यांच्याकडे पाठवा."

 काकूंनी सुनेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा सुनेकडे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

सून "राहू द्या हो मामंजी, मी भरते" म्हणत होती, पण पंपवाल्याने तिच्या हातातला हंडा घेतला, आपल्या हाताने नळाखाली लावला, आणि तो भरेपर्यंत तिथेच उभा राहिला.